जालन्याहून मुंबईची क्रूझ: चार जड बॅगा घेऊन बॅलार्ड पियरला जायचं कसं?

क्रूझचं तिकीट काढलं की घरात पहिला वाद कपड्यांवरून होतो आणि दुसरा जायचं कसं यावरून. आमच्याकडं दोन्ही एकाच रात्री झाले. माणसं पाच, मोठ्या बॅगा चार. त्यातली सगळ्यात फुगलेली बॅग मोंढ्यातल्या ओळखीच्या आडतीवर नेऊन काट्यावर ठेवली, तर २३ किलो. आत आईनं गुपचूप ठेवलेला धपाट्यांचा डबा निघाला. (डबा न्या, पण वाटेतच संपवा. बाहेरचं खाणं जहाजावर सहसा चढू देत नाहीत.)

मी आधी तिकिटाच्या पैशांचा हिशोब मांडला होता, तो फाडून टाकला. रेल्वेनं सव्वाचारशेहून जास्त किलोमीटर झोपेत निघून जातात, जीव जातो तो शेवटच्या दोन किलोमीटरला. म्हणून हिशोब एकच ठेवला: घराच्या उंबऱ्यापासून बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर, जिथून क्रूझ सुटते, तिथल्या जहाजाच्या सामान काउंटरपर्यंत बॅग किती वेळा उचलावी लागते? तिथं एकदा बॅगेला टॅग लागला की ती थेट खोलीत पोचते, आपले हात मोकळे.

रात्रीची देवगिरी एक्सप्रेस या हिशोबात सहा उचलींची. रिक्षात, फलाटावर, डब्यात, परत फलाटावर, टॅक्सीत आणि शेवटी काउंटरला. आकडा मोठा वाटतो, पण जालन्याला पोचवायला भाऊ येतोच, मुंबईत हमाल मिळतो. आपल्या वाट्याला दोन-तीनच उरतात. थ्री एसी आणि स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, टू एसीला ५०, म्हणजे वजनाची चिंताच नाही. बर्थखाली बॅग आडवी सरकवायची, साखळी लावायची. फार उंच बॅग मात्र खाली जात नाही, ती रात्रभर पायांशी घेऊन झोपावं लागतं, हे आमच्या थोरल्याला विचारा.

देवगिरी सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला लागते. जहाजावर चढणं दुपारचं. मधल्या वेळात चार बॅगा आणि एक म्हातारी बाई घेऊन कुठं बसणार? स्टेशनवर सामानघर आहे. बॅगेला कुलूप आणि हातात रेल्वेचं तिकीट असेल तरच सामान घेतात, म्हणून छोटी कुलपं घरूनच न्या. पाठ टेकायची असेल तर तिथं स्लीपिंग पॉडही आहेत, म्हणजे झोपायचे छोटे कप्पे. आईनं ते कप्पे बघितले आणि म्हणाली, "ह्यात मी काय जायची नाई बाबा." ती प्रतीक्षालयात बसली, मुलं कप्प्यात शिरली.

आता ते दोन किलोमीटर. बॅलार्ड पियर सीएसएमटीपासून इतकं जवळ आहे की मोकळ्या हातानं माणूस चालत जाईल. आपली पंचाईत तिथंच होते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, आणि टॅक्सीवाल्याला एवढं जवळचं भाडं नको असतं. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. तेवढ्यात चार बॅगा चढवून घ्यायला कोण हसत तयार होईल? सामानाचे पैसे वेगळे ठरवा, वाद घालू नका. डिकीवर तर अजिबात विसंबू नका. आमच्या टॅक्सीवाल्यानं डिकी उघडली, तर आत सीएनजीची टाकी आडवी पसरलेली आणि उरलेल्या फटीत त्याचा पाण्याचा कॅन. दोन बॅगा टपावरच्या कॅरिअरला दोरीनं बांधल्या, एक पुढच्या सीटवर, एक माझ्या मांडीवर. पाच माणसं एका टॅक्सीत बसत नाहीतच, दुसरी करावी लागली. अ‍ॅपवरून मोठी सहा सीटची गाडी मागवली असती तर बरं झालं असतं.

पत्ता सांगताना "बोटीला जायचंय" म्हणू नका. दक्षिण मुंबईत बोटी मुख्यतः तीन ठिकाणाहून सुटतात. रेवस, मोरा आणि मांडव्याची रो-रो भाऊच्या धक्क्यावरून, घारापुरी गेटवेवरून, क्रूझ मात्र बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवरून. आमची दुसरी टॅक्सी भाऊच्या धक्क्याच्या वाटेला लागली होती, फोन करून वळवली. बॅलार्ड पियर म्हणा आणि तिकिटावर लिहिलेलं गेट वाचून दाखवा.

वंदे भारतचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. ती जालन्याहून सुटायची तेव्हा दुपारी बाराच्या आत मुंबईत पोचवत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवल्यापासून नांदेडहून पहाटे ५ ला निघते आणि सीएसएमटीला दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी लागते. नांदेडकरांची सोय झाली, पण त्याच दिवशीचं जहाज गाठायला ही गाडी नको. तासभर उशीर झाला की धक्क्यावरून जहाजाला टाटा करायची वेळ येईल. नांदेड-परभणीकरांनाही आदल्या रात्रीचीच गाडी बरी, आणि लातूरकरांना रात्रीची लातूर–मुंबई. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे आली, पण ती अहिल्यानगरपर्यंत. तिकडच्या मंडळींनी पुढचा पर्याय नीट वाचावा.

तो म्हणजे स्वतःची किंवा भाड्याची मोठी गाडी. उचली फक्त दोन: दारात चढवायची, टर्मिनलला उतरवायची. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, कसारा घाट चढायची-उतरायची गरज उरली नाही. आमण्याहून ठाण्यामार्गे पुढं चेंबूरला ईस्टर्न फ्रीवे धरला की तो थेट पी. डिमेलो रोडवर उतरतो, आणि तिथून बॅलार्ड पियर हाकेवर. उतारावर ऑरेंज गेटपाशी बोगद्याचं काम चालू आहे, तिथं अर्धा तास जास्तीचा धरा. समृद्धीचा टोल कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना माफ आहे. निघण्याआधी टायरची हवा नीट बघा, काँक्रीटवर सलग वेगानं टायर तापतात.

गाडीची खरी अडचण धक्क्यावर पोचल्यानंतर सुरू होते. तीन-चार दिवस ती ठेवणार कुठं? तिथल्या पार्किंगच्या पैशांत इथं महिन्याचा किराणा येईल. ड्रायव्हर असेल आणि तो गाडी परत आणणार असेल, तर पाच माणसांच्या कुटुंबाला, विशेषतः गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर हाच पर्याय पहिला. दोघंच असाल तर परवडत नाही.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात. मागं एकदा अनुभव घेतलाय. पहाटे पाचला सायनच्या पुलाखाली "चला, उतरा उतरा" झालं, क्लीनरनं डिकीतून दुसऱ्याचीच बॅग काढून दिली, आणि ते कळेस्तोवर गाडी पुढं गेली होती. बॅग संध्याकाळी मिळाली. क्रूझच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? आईचा कल एसटीकडं, कारण बायकांना निम्मं तिकीट. एकट्या पिशवीवर जायचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

विमान? संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून तासाभरात मुंबई, पण देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान चालतं. आमची एक बॅगच २३ ची. शिवाय विमानतळावरून बॅलार्ड पियर म्हणजे अख्खी मुंबई ओलांडणं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो विमानतळाहून सीएसएमटीपर्यंत येते, पाठीवरच्या सॅकला झकास. चार बॅगा तपासणी यंत्रातून काढून लिफ्टची वाट बघत उभं राहणाऱ्यांना नाही.

परतीचं गणित मात्र उलटं निघालं. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, आणि वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी १ वाजून १० मिनिटांनी सुटते. जाताना जी गाडी टाळली, तीच येताना बरोबर बसली. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं बुकिंगआधी बघून घ्या. आणि डब्यात लवकर चढा: सीटखाली मोठ्या बॅगेला जागा नाही, वरच्या फळीवर आधी येणाऱ्याचं सामान. आमची २३ किलोवाली तिथं ठेवायला दोघं लागले, आणि आता ती २५ ची झाली होती.