सुरत की जळगावची एमआयडीसी?

होळीपर्यंत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटून बांधावर पडतात आणि कोरडवाहूवाल्याच्या हाताला मृगापर्यंत काम उरत नाही. अमळनेर-धरणगावकडे मग दोनच वाटा. भुसावळ-सुरत लाइनने सुरत गाठायची, नाहीतर रोज जाऊन-येऊन जळगावची एमआयडीसी.

सुरतेत पैसा जास्त, यात वाद नाही. लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, मजुरी मीटरवर, पाळी बारा तासांची, जितकं कापड निघेल तितके पैसे तुमचे. उधना-लिंबायतला उतरलात की चहाच्या टपरीवरही अहिराणी ऐकू येते, त्यामुळे परकं वाटत नाही. पण खोलीभाडं आणि मेस निम्मा जीव खातात. मी दोन उन्हाळे काढलेत. रात्रपाळीहून आलो की दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा, गादी अजून त्याच्या अंगानं गरम. कानात मागांचा खडखडाट झोपेतही चालूच.

जळगावात डाळमिल, चटई, पाइपचे कारखाने. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कमी, त्यातून ठेकेदाराचा वाटा, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नको होतो. तरी डब्यात घरची कळण्याची भाकरी असते, संध्याकाळी म्हशीची धार काढता येते, डाळमिलातून चुनीचं (डाळीच्या भुश्या-कण्यांचं) पोतं आणलं तर गोठ्याचंही भागतं. हा हिशोब हजेरीच्या कागदावर दिसत नाही.

डोक्यावर सावकार असेल आणि घरी भाऊ शेत बघणारा असेल तर सुरतच. दावणीला जनावरं असतील तर जळगाव. फक्त सुरतेला गेलात तर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी यायची गाडी आधीच धरा, आदल्या दिवशी पॅसेंजरच्या दारातही पाय ठेवायला जागा नसते.