एक गोष्ट, अनेक अल्बम: सुरुवात कुठून करायची?

रॉक बँडच्या अल्बमांतून सलग गोष्ट लावायची तर तीन नावं आधी विचारात घ्यावीत: क्वीन्सराईक, ड्रीम थिएटर आणि कोहीड अँड केंब्रिया. हाताशी किती वेळ आहे ते पाहून निवड करा.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर क्वीन्सराईकच. ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ (१९८८) तासाभरात संपतो. व्यसनी निकी, त्याला संमोहनाने मारेकरी बनवणारा डॉक्टर एक्स आणि सिस्टर मेरी, एवढीच मुख्य पात्रं. पहिल्या ट्रॅकमध्ये निकी हॉस्पिटलच्या खाटेवर आहे, त्याला सगळं आठवू लागतं. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस तेच शब्द परत येतात. म्हणजे मधली सगळी गाणी ही आठवण आहे. हे निसटलं की काळाचा क्रम चुकतो. मेरीला कोणी मारलं, ते इथे उलगडत नाही. दुसरा भाग (२००६) निकी १८ वर्षांनी तुरुंगातून सुटतो तिथून सुरू होतो. तो पहिल्याच्या तोडीचा नाही, पण डॉक्टर एक्सचा आवाज प्रसिद्ध मेटल गायक रॉनी जेम्स डिओचा आहे, तेवढ्यासाठी ऐकावाच.

ड्रीम थिएटरकडे गोष्ट एका गाण्यातून वाढली. ‘मेट्रोपोलिस’चा पहिला भाग १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधलं गाणं आहे, दुसरा भाग १९९९ चा ७७ मिनिटांचा आख्खा अल्बम. गाणं आधी ऐका, त्यातल्या ओळी आणि सुरावटी पुढे परततात. या अल्बमच्या शेवटी खरखर उरते आणि २००२ चा अल्बम त्याच खरखरीने उघडतो. फसगत होते ती इथे: आवाज जोडलेला आहे, गोष्ट नाही. खरा धागा वेगळाच आहे. ड्रमर माइक पोर्टनॉयने दारू सोडण्याच्या १२ पायऱ्या २००२ ते २००९ या काळातल्या पाच अल्बमांत, प्रत्येकी एका गाण्यात मांडल्या. ‘द ग्लास प्रिझन’, ‘धिस डाइंग सोल’, ‘द रूट ऑफ ऑल इव्हल’, ‘रिपेंटन्स’, ‘द शॅटर्ड फोर्ट्रेस’ ही पाच गाणी ओळीने लावा. सुमारे ५७ मिनिटांचं हे ऐकणं फार मोलाचं आहे.

कोहीडचा पसारा सर्वांत मोठा. दशावताराला मध्येच जाऊन बसलं तरी चालतं, कारण आख्यान पुराणातलं, लहानपणापासून ठाऊक असलेलं. इथे ती शिदोरी नाही. ७८ ग्रहांची दुनिया, कोहीड-केंब्रिया हे जोडपं, त्यांचा मुलगा क्लॉडिओ. निव्वळ गाण्यांच्या शब्दांवरून हे उलगडत नाही, सोबत बँडचा गायक क्लॉडिओ सांचेझ याची कॉमिक्स लागतात. कथेचा आरंभ २०१० च्या अल्बममध्ये आहे, तरी २००२ पासून प्रकाशनाच्याच क्रमाने जा, कारण पूर्वकथेची गंमत पात्रं ओळखीची झाल्यावरच कळते. २००५ च्या भागात गोष्ट लिहिणारा लेखकच पात्र होऊन येतो, त्याची सायकल त्याच्याशी बोलते. ‘मी’ म्हणतोय तो क्लॉडिओ की लेखक, हे प्रत्येक गाण्यापुढे वहीत टिपा. २०१५ चा अल्बम या कथेत नाही, तो वगळलात तरी धागा तुटत नाही.

कोकण रेल्वेच्या गाडीत ऐकणार असाल तर अल्बम घरीच डाउनलोड करा. मुंबईहून जाताना रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात रेंज जाते. शफल बंद ठेवा. क्रॉसफेडही शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि तिथले संवाद ऐकूच येत नाहीत.