बटाट्याविना भरली ढोबळी मिरची: पनीर की खिमा?

सारणातून बटाटा आणि बेसन काढलं की कर्बोदकं घटतात, पण सारण धरून ठेवणारंही काही उरत नाही. पनीर आणि खिमा यांतला खरा फरक इथेच आहे.

पनीर झटपट होतं. 4 मध्यम मिरच्यांना 250 ग्रॅम पुरतं. कुस्करून त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि 2 मोठे चमचे दाण्याचं कूट घाला. कूट पाणी शोषून घेतं. मीठ अगदी भरताना, नाहीतर सारण सुटतं. पनीर मऊ असेल तर आधी 20 मिनिटं फडक्यात वजनाखाली ठेवा. सुटं पनीर स्वस्तात मिळालं तर जरा शंका घ्यावी: उकळून गार केलेल्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब निळा-काळा झाला, तर त्यात स्टार्च, म्हणजे कर्बोदकंच आहेत आणि सगळा खटाटोप वाया.

मटणाचा खिमा 300 ग्रॅम लागतो आणि तो कच्चा भरायचा नाही. मिरची लगदा होते तरी आतला खिमा शिजत नाही, शिवाय पाणी सुटून तळाला साचतं. कुकरला 3-4 शिट्ट्या, मग पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. गार झाल्यावर 1 अंडं फेटून मिसळा. गरम असताना घातलंत तर त्याची भुर्जी होते.

पुढचं दोन्हीचं सारखंच: जाड तव्यावर तेल, मंद आच, 8 मिनिटं झाकून, 5 उघडं.

ऑफिसातून उशिरा येणाऱ्यांनी पनीरच करावं. चवीला मात्र खिमा सरस, आणि तो आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतो.