पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क’ लिहिलं होतं

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. याला वाचाघात म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांना समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. मग स्पीच थेरपिस्ट मॅडम घरी येऊ लागल्या. बाबांच्या डाव्या हातावर हलकेच ताल धरून त्या ‘पा-णी’ असं गाऊन म्हणायच्या. तेविसाव्या दिवशी बाबांनी त्याच तालात पाणी मागितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभी होते. मला हेच काम शिकायचंय, हे तिथेच पक्कं झालं.

मी बी.ई. आहे, वय ३४. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीत काम करते. या वयात क्षेत्र बदलायचं तर कुठून सुरुवात करायची, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. म्हणून कॉलेज रोडवरच्या एका प्रवेश सल्लागाराकडे गेले. (तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही.)

तो माणूस फार आपुलकीने बोलायचा. “ताई, कुठलीही पदवी चालते. अमेरिकेत तर कॉमर्सवालेही यात मास्टर्स करतात. आपल्याकडे दोन वर्षांत एम.एस्सी. होईल, नोकरी सांभाळून, फक्त रविवारी.” वर म्हणाला, “विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, काही अडलं तर मी स्वतः जाऊन येतो.” म्हणजे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, असं मी समजले. त्याने दिलेल्या एकाही कागदावर त्या विद्यापीठाचं नाव नव्हतं, हे मला फार उशिरा दिसलं.

आधी नोंदणीचे ५ हजार, मग ४० हजार, मग ‘सीट लॉक’ करायला ३० हजार. एकूण ७५ हजार रुपये यूपीआयने एका खासगी खात्यात गेले. खातं अकाउंटंटच्या नावावर आहे, असं सांगितलं होतं.

चार महिने एकही तास झाला नाही. विद्यार्थी क्रमांक मागितला की “पुढच्या आठवड्यात”. शेवटी मी थेरपिस्ट मॅडमना पेढे द्यायला गेले, मला प्रवेश मिळालाय असं सांगत. त्यांनी पेढा हातातच धरून विचारलं, “पण तुझं बीएएसएलपी कुठून झालं?” ही वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी; मला तो शब्दच माहीत नव्हता. त्यांनी मला खाली बसवलं आणि भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे स्पीच थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, आपलं नोंदणीपत्र समोर ठेवलं.

त्यांनी सांगितलेलं सगळं मी घरी येऊन पडताळून पाहिलं. आपल्याकडे या विषयात एम.एस्सी. करायला आधी बीएएसएलपी लागतं. ते चार वर्षांचं असतं, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पेशंटसमोर बसून, वरिष्ठांच्या नजरेखाली शिकायचं काम आहे हे, रविवारच्या व्हिडिओवर होणारं नाही. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं एक वेळ सोडा. अर्धवट शिकून मी कुणाच्या तरी बाबांसमोर बसले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

अमेरिकेबद्दल तो अर्धंच खरं बोलला होता. तिथे दुसऱ्या विषयाचे पदवीधर मास्टर्सला जातात, पण पायाचे विषय पूर्ण करून, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात. पुढे प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचं क्लिनिकल कामही लागतं. आपल्याकडे या कामाचा रस्ता बीएएसएलपीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू होतो, हे तो पहिल्याच दिवशी सांगू शकला असता.

पैसे मागायला गेले तर त्याने माझीच पावती माझ्यापुढे सरकवली. खाली जांभळ्या शिक्क्यात अर्धं बुडालेलं वाक्य: ‘मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही’. “ताई, मार्गदर्शन तर दिलं ना?” प्रवेश हा शब्द पावतीवर कुठेच नव्हता. त्याचं सगळं बोलणं तोंडी आणि लिहिलेलं तेवढं भलतंच.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, पोलिसांत लेखी तक्रार दिली. पण ऑनलाइन गेलेले पैसे गोठवायचे तर लगेच फोन करावा लागतो आणि माझे चार महिने उलटले होते. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची असते. एका वकील मैत्रिणीने सांगितलं म्हणून व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप जपून ठेवलेत. ‘प्रवेश पक्का’ हे शब्द त्यातल्या दोन निरोपांत आहेत.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तिचं आणि अभ्यासक्रमाचं नाव शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे व्यक्तीच्या खात्यात मागितले तर तिथूनच उठा.

त्याच ऑफिसात माझ्यासोबत सिन्नरची एक नर्स आणि एक शाळामास्तर बसलेले असायचे. त्यांचे नंबर मी घेतले नाहीत. नाशिकमध्ये जांभळ्या शिक्क्याची अशी पावती आणखी कुणाकडे असेल, तर फाडू नका. दोन वर्षं उलटायच्या आत तक्रार करा.