कॉम्प्रेशन सेट जिग: आठ महिने वापरल्यावर

भोसरीत आमचं रबरी ओ-रिंग आणि गॅस्केटचं छोटं युनिट आहे. वर्षानुवर्षं रबराचा कडकपणा (हार्डनेस) मोजणारा शोअर मीटर टेकवायचा, ७० आलं की माल पाठवायचा. मग एका पार्टीकडून चपट्या झालेल्या ओ-रिंगा परत आल्या. हार्डनेस अजून ७०च! तेव्हा कुठे हा जिग घेतला. दाबून ठेवलेलं रबर सोडल्यावर किती चपटं राहतं, म्हणजे त्याचा कॉम्प्रेशन सेट, हा जिग दाखवतो.

वस्तू तशी साधी. जाड स्टीलच्या पॉलिश केलेल्या प्लेटा, बोल्ट आणि प्लेटांमधलं अंतर ठरवणारे स्पेसर. १२.५ मिमी जाडीचं रबरी बटन, म्हणजे चाचणीची गोल चकती, आत ठेवायचं आणि प्लेटा ९.५ मिमीच्या स्पेसरला टेकेपर्यंत आवळायचं. टेकल्यावर आणखी जोर लावून उपयोग नाही, म्हणून टॉर्क रेंच लागत नाही. एएसटीएम डी३९५ या चाचणीच्या मानकातली मेथड बी हीच. मग ओव्हनमध्ये २२ किंवा ७० तास. हे आकडे विचित्र वाटायचे, पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला लावलं की सोमवारी चारला निघतं, तेव्हा पटलं. शिवाय आठवड्याच्या मधला गुरुवार टळतो. आमच्याकडे वीज गुरुवारीच जाते.

पहिले दोन महिने आकड्यांचा मेळच बसेना. बटनं काढून लोखंडी टेबलावर टाकत होतो, ती झटकन गार होऊन अर्ध्यातच आखडायची. लाकडावर अर्धा तास ठेवायची असतात. आमच्या पोराने घरून जुना पोळपाट आणला, तोच अजून चालू आहे.

खरी कमाई नायट्राइल रबराच्या कंपाऊंडमध्ये (मिश्रणात) झाली. १०० अंशाला २२ तासांनी बटन १०.७ला थांबलं. म्हणजे दाबलेल्या ३ मिमीपैकी १.८ परत आलंच नाही, सेट ६० टक्के. रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधायला गंधक घालतात; ते जास्त घातलं की त्याचे लांब दुवे उष्णतेत सुटतात आणि दाबलेल्या अवस्थेतच पुन्हा जुळतात. मग बटनाला तोच आपला आकार वाटतो. गंधक कमी केलं, ही बांधणी वेगाने करणारा अ‍ॅक्सिलरेटर वाढवला. आता ११.६ येतं, म्हणजे ३० टक्के. हार्डनेस दोन्ही वेळा जवळपास सारखाच.

तक्रारी आहेत. आलेल्या स्पेसरांपैकी एक ९.३चा निघाला, प्लेट तिरकी बसायची. विकणाऱ्याने बदलून दिला, पण तीन फोननंतर. दुसरं म्हणजे नट. दोन-चार फेऱ्यांत गरम असताना जाम होऊ लागले. पाना मारत बसलो की बटनं आतच गार होतात आणि रीडिंग वाया. आता दर वेळी आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावतो.

आणखी एक. या जिगमध्ये कळतो तो फक्त शेवटचा आकार. दाबलेलं रबर परत किती जोराने ढकलतंय आणि तो जोर तासागणिक कसा ओसरतोय, हे कळत नाही. आणि गळती थांबते ती त्याच जोरावर. त्यासाठी लोड सेलवाली (जोर मोजणाऱ्या सेन्सरची) स्ट्रेस रिलॅक्सेशनची चाचणी लागते. ते मशीन आमच्या आवाक्यातलं नाही, एखादी पार्टी हटूनच बसली तर बटनं लॅबला पाठवतो.

रोजच्या कामाला मात्र जिग पुरतो. दुसराही घेतोय. या वेळी मायक्रोमीटर खिशात घेऊनच दुकानात जाणार.