जावामधील फंक्शनचे प्रकार आणि पॅरलल स्ट्रीम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

महापे येथील आमच्या कार्यालयात गृहनिर्माण संस्थांच्या पाणीमीटरच्या नोंदींचा हिशोब रोज रात्री होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही हे काम जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या पॅरलल स्ट्रीमवर, म्हणजे नोंदींचे तुकडे करून ते प्रोसेसरच्या अनेक कोअरवर एकाच वेळी हाताळणाऱ्या सोयीवर आणले, आणि तेव्हापासून 'जावा.युटिल.फंक्शन' या पॅकेजमधील प्रकारांशी माझा नित्याचा संबंध आहे. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत हे पॅकेज आले, तेव्हाच त्यात ४३ इंटरफेस होते; फंक्शन काय घेते आणि काय देते, हे यांतला प्रत्येक इंटरफेस सांगतो. प्रथमदर्शनी ही संख्या अवाजवी वाटते. वापरानंतर मात्र त्यांपैकी बहुतेकांचे प्रयोजन पटते.

जावाच्या जेनेरिक्समध्ये (एकच कोड अनेक प्रकारांसाठी वापरण्याच्या सोयीत) इंट, लाँग, डबल हे आकड्यांचे मूळ प्रकार थेट बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र इंटरफेस करावे लागले. साध्या 'फंक्शन'मधून आकडा परत केला, तर प्रत्येक वेळी तो वस्तूच्या वेष्टनात जातो. चार बाइटचा इंट नेहमीच्या ६४-बिट जेव्हीएमवर (जावा चालवणाऱ्या यंत्रणेवर) सोळा बाइटचा इंटिजर होतो, आणि अनेक कोअर एकाच वेळी स्मृतीकडे धाव घेत असताना हा भार अधिकच जाणवतो. 'टूलाँगफंक्शन' आणि 'लाँगबायनरीऑपरेटर' वापरल्यावर आमच्या कामातील गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी वस्तू स्मृतीतून काढण्याचे काम) स्पष्टपणे कमी झाले. जावा ८ च्या आधी समांतर प्रोग्रामिंगचे तज्ज्ञ डग ली यांच्या 'पॅरललअ‍ॅरे' या प्रयोगात अशा इंटरफेसांचा पसारा याहून मोठा होता. तो छाटूनही उपयुक्त भाग टिकवला गेला, हे मला विशेष मोलाचे वाटते.

खरी काळजी 'बायनरीऑपरेटर'बाबत घ्यावी लागते. एकाच प्रकारची दोन मूल्ये घेऊन त्याच प्रकारचे एक मूल्य द्यायचे, एवढेच हा प्रकार सांगतो. 'रिड्यूस'ला (मूल्ये दोन-दोन करून जोडत एक निकाल काढणाऱ्या क्रियेला) मात्र साहचर्य गुणधर्म हवा असतो, म्हणजे कंस कुठेही घातले तरी निकाल तोच यावा लागतो, कारण नोंदींचे तुकडे कुठे पडतील आणि कोणते दोन आधी जोडले जातील हे ठरलेले नसते. दोन आकड्यांची सरासरी काढणारे फंक्शन प्रकाराच्या दृष्टीने निर्दोष असते आणि कंपायलर ते विनातक्रार स्वीकारतो. तरीही १०, २० आणि ६० या आकड्यांवर डावीकडून जोडल्यास ३७.५ येतात, उजवीकडून जोडल्यास २५, आणि खरी सरासरी ३० असते. यासाठी 'लाँगसमरीस्टॅटिस्टिक्स' वापरावे. ते बेरीज आणि संख्या वेगवेगळी ठेवते, त्यामुळे दोन तुकडे कोणत्याही टप्प्यावर जोडता येतात. क्रमनिरपेक्षतेची (दोन मूल्यांची अदलाबदल केली तरी निकाल तोच येण्याची) अट मात्र नाही: क्रम असलेल्या स्ट्रीममध्ये तुकडे मूळ क्रमानेच जोडले जातात, म्हणून मजकूर सांधण्याचे कामही बरोबर होते.

तीन आर्ग्युमेंट्सच्या 'रिड्यूस'मध्ये हीच गोष्ट अधिक नाजूक होते. तेथे अर्धवट निकालात एक नोंद मिळवणारे 'बायफंक्शन' आणि दोन अर्धवट निकाल जोडणारे 'बायनरीऑपरेटर' परस्परांशी सुसंगत असावे लागतात, आणि सुरुवातीचे मूल्य कोणत्याही निकालात मिसळले तरी तो बदलता कामा नये. यातील काहीही टाइपमध्ये व्यक्त होत नाही. म्हणून आमच्याकडे अशा प्रत्येक ऑपरेटरसोबत यादृच्छिक मूल्यांवर दोन्ही प्रकारे कंस घालून निकाल पडताळणारी चाचणी लिहिलीच पाहिजे, असा नियम आहे. डबलच्या बेरजेत ही पडताळणी काटेकोर समानतेने करू नये, ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीजसुद्धा कंस बदलल्यावर शेवटच्या अंकात वेगळी येते. रकमा आम्ही पैशांत, लाँगमध्येच ठेवतो.

चेक्ड एक्सेप्शन (ज्यांची दखल घेणे कंपायलर सक्तीचे करतो अशा त्रुटी) या इंटरफेसांतून बाहेर टाकता येत नाहीत, हे गैरसोयीचे आहे. पण फाइल वाचणे किंवा डेटाबेसला विचारणे अशी कामे पॅरलल स्ट्रीममध्ये तशीही आणू नयेत. सर्व पॅरलल स्ट्रीम साधारणतः एकाच सामाईक फोर्क-जॉइन पूलवर (कामाचे तुकडे वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या संचावर) चालतात, आणि तेथे एक काम वाट पाहत बसले की त्याच प्रक्रियेतील इतर हिशोबही रखडतात. आम्ही नोंदी आधी अ‍ॅरेमध्ये वाचून घेतो आणि नंतरच स्ट्रीम सुरू करतो. अ‍ॅरेचे तुकडे समान पडतात, लिंक्डलिस्टचे (एका नोंदीतून पुढच्या नोंदीकडे जाणाऱ्या साखळीचे) तसे पडत नाहीत.