प्रमोशन साइट ७ महिने वापरली, एका रकान्याने घात केला

हा रिव्ह्यू जानेवारीतच लिहायचा होता पण तेव्हा इतकी चिडलेले की नुसती तक्रार झाली असती. आता ७ महिने झाले, चार प्रमोशन करून झाली, तर लिहिते. साइटचं नाव घेत नाही. वाचकांना रोज ईमेलवर फुकट आणि स्वस्त ईबुकांची यादी पाठवतात त्या छोट्या साइटींपैकी एक. याच प्रकारातली मोठी साइट म्हणजे बुकबब, पण तिथल्या फीचर्ड डीलची (मुख्य जाहिरातीची) निवड संपादक करतात, अर्ज केला म्हणजे जागा मिळेलच असं नाही, म्हणून मी आधी इकडे वळले.

माझी रहस्यकथांची तीन भागांची मालिका आहे, तिन्ही केडीपी सिलेक्टमध्ये (केडीपी म्हणजे अ‍ॅमेझॉनवर स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायची सोय, सिलेक्ट ही त्यातली योजना). म्हणजे ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही आणि त्या ९० दिवसांत ५ दिवस ते फुकट ठेवता येतं. पहिला भाग फुकट वाटायचा, ज्याला आवडेल तो दुसरा विकत घेईल, हा सगळ्यांचाच हिशोब असतो, माझाही तोच. केडीपीत दोन दिवस फुकट लावले, साइटच्या फॉर्मवर पहिल्या दिवसाची तारीख टाकली, पैसे भरले आणि झोपले.

साइटचं यादीचं ईमेल, म्हणजे पत्रक, गेलं युटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) पहाटे ४ ला. केडीपीचा फुकटचा दिवस सुरू होतो पॅसिफिक वेळेच्या (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) मध्यरात्री, हिवाळ्यात ते होतात युटीसीचे सकाळचे ८. मधले ४ तास माझं पुस्तक यादीत फुकट म्हणून झळकतंय आणि लिंक दाबली की समोर पूर्ण किंमत! असली ईमेल लोक आली की बघतात, नाहीतर नंतर बघतच नाहीत, त्यामुळे हेच ४ तास खरे कामाचे होते. एका वाचकाने शोधून मला मेल केलं, फुकट सांगून पैसे मागता हे बरं नाही. दोन ओळींचं मेल, पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही, कारण त्याच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही दिलेल्या तारखेलाच पाठवलंय. परत लिहिलं, की तारीख बरोबर आहे हो, वेळ चुकलीय, आणि वेळ तुम्ही विचारलीच नाहीत. परत तेच उत्तर, शब्दही तेच. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा म्हणाले पाठवलेल्या जाहिरातीचे पैसे परत मिळत नाहीत. फॉर्ममध्ये लेखकाचं नाव, टोपणनाव, पुस्तकात हिंसा किती, प्राणी मरतो का, सगळं विचारतात. वेळेचा एक रकाना नाही. पत्रक किती वाजता निघतं ते तिथेच एका ओळीत लिहिलं असतं तरी चाललं असतं.

इथपर्यंतचं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं आणि खाली एकच स्टार होता. तो आता बदलावा लागतोय.

मार्चमध्ये परत पैसे घालायचा धीर नव्हता, पण दुसऱ्या साइट बघितल्या तर त्यांचेही फॉर्म तसलेच. मग यावेळी केडीपीतले फुकटचे दिवस पत्रकाच्या एक दिवस आधीपासून लावले. आणि पुस्तक चाललं की! दिवसभर डाउनलोड येत राहिले, अ‍ॅमेझॉनच्या फुकटच्या यादीत आपल्या प्रकारात पहिल्या पानावर आलं. ती यादी विक्रीच्या यादीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी किंमत परत लागली की तो नंबर गेला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खरा आनंद आठवड्याभराने झाला. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत, लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, आणि माझ्या दुसऱ्या भागाचा जो आलेख महिनोन्‌महिने जमिनीला चिकटलेला होता तो रोज थोडा थोडा वर सरकत होता. कुणीतरी रात्री पहिला भाग संपवून लगेच दुसरा उघडतंय हे मला त्या पानांच्या आकड्यात दिसत होतं. म्हणजे यांचे वाचक खरे आहेत, नुसते फुकट गोळा करणारे नाहीत. हे मान्य करायलाच हवं.

मुखपृष्ठाचंही सांगते. पत्रकात ते मोबाइलवर नखाएवढं दिसतं, माझं नाव आणि शीर्षक दोन्ही बारीक अक्षरात होतं, काहीही वाचता येत नव्हतं. मेच्या प्रमोशनआधी अक्षरं जाड करून घेतली.

पण तो रकाना मला अजून सलतोच. ९० दिवसांत मोजून ५ दिवस मिळतात आणि त्यातला एक मी दरवेळी नुसता खबरदारी म्हणून घालवते. पत्रकाची वेळ कळली असती तर तोच दिवस त्याच पुस्तकासाठी दुसऱ्या वेळी वापरला असता. मी काटकसरीने चालणारी बाई आहे, मला हे फार लागतं. नवीन लेखकांनो, तुम्ही पहिल्याच वेळी एक दिवस आधी सुरू करा, माझ्यासारखे पैसे घालवून शिकू नका. आणि ९० दिवस संपायच्या आत सिलेक्टची आपोआप नूतनीकरणाची खूण काढायची की ठेवायची ते ठरवून टाका, नाहीतर पुढचे ९० दिवस आपोआप सुरू होतात.

सध्या साडेतीन स्टार देतेय. हे लिहायच्या आधी फॉर्म परत उघडून बघितला, वेळेचा रकाना अजूनही नाही. जुलैत सपोर्टला चौथं मेल टाकलंय, ते काय म्हणतात ते इथेच खाली जोडते.